तीन तासांचं हृदय

मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा मला आधी हसूच आलं. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. मराठी होतं ते पेपरात पास होण्यापुरतं आणि आजीशी बोलण्यापुरतं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. पण ज्या माणसाबद्दल लिहायचंय, त्याचं नाव मला आजीकडूनच कळलं, म्हणून हे मराठीतच लिहायला हवं होतं. त्यांचं नाव डॉ. प्रफुल्लकुमार सेन. परळच्या केईएम हॉस्पिटलचे सर्जन. आणि गोष्टीची सुरुवात मात्र आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या पंपापासून आहे!

आमचं घर भाईंदर ईस्टला, जेसल पार्कमध्ये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. स्टेशनच्या पूर्वेला उतरून खाडीच्या बाजूला चालत गेलं की जेसल पार्क लागतं. खाडीच्या काठाला चौपाटी आहे. संध्याकाळी तिथे आजी-आजोबा मंडळी बसून पुलावरून जाणाऱ्या विरार लोकल बघत असतात. आमची आजी त्यातलीच एक.

मागच्या सुट्टीत मी हॉस्टेलवरून घरी गेले आणि नेमका सोसायटीचा पंप जळला. सेक्रेटरी काकांना आठवलं की आपल्या बिल्डिंगमध्ये एक मुलगी मेकॅनिकलला आहे. झालं! मला बोलावणं आलं. मीही भाव खाल्ला. कॅटलॉग काढला, मजले मोजले, उंची काढली आणि एक झकास नवा पंप सुचवला. दुकानात चालवून बघितला तर पाण्याची धार बघण्यासारखी होती. पण बिल्डिंगमध्ये बसवल्यावर वरची टाकी काही भरेना. पंप नुसता गरम होत राहिला आणि आठवड्याभरात त्याचं सील गळायला लागलं. शेवटी प्लंबरने वर जाणारा जुना पाइप कापून दाखवला. टँकरच्या जड पाण्याने आतून इतका थर जमला होता की त्यातून जेमतेम अंगठा गेला असता. प्लंबरने मला अगदी प्रेमाने विचारलं की ताई, पंप चांगलाच आहे, पण पाइप बघितला होता का? काय उत्तर देणार! जुना पंपही बहुतेक त्या पाइपशी झगडूनच गेला होता.

त्या संध्याकाळी चौपाटीवर तोंड पाडून बसले होते. आजीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, अगं, असंच एकदा केईएममध्ये झालं होतं. ती तेव्हा लालबागला चाळीत राहायची. सगळीकडे एकच चर्चा, की सेन डॉक्टरांनी एका माणसाचं हृदय काढून दुसरं बसवलं. पण ते चांगलं, धडधाकट हृदय तीन तासच चाललं. चांगलं हृदय बंद का पडलं, हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं. मला मात्र राहवेना. हॉस्टेलवर परत आल्यावर सबमिशन बाजूला ठेवून मी शोधत बसले. आणि जे सापडलं ते वाचून थक्क झाले. कारण तिथेही भानगड पंपाची नव्हती, पाइपची होती!

आधी सेन डॉक्टरांबद्दल.

त्यांचा जन्म १९१५ सालचा, कलकत्त्याचा. पण त्यांचं आयुष्य घडलं आणि गेलं ते मुंबईत. परळचं सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि त्याला जोडलेलं केईएम हॉस्पिटल १९२६ साली सुरू झालं. देणगी देणाऱ्यांची अट होती की इथे शिकवणारे डॉक्टर भारतीयच असले पाहिजेत. इंग्रजांच्या राज्यात ही केवढी मोठी गोष्ट! अशा कॉलेजात सेन शिकले आणि पुढे तिथेच शिकवायला लागले. खाजगी प्रॅक्टिसच्या मागे लागून भरपूर पैसा करता आला असता. पण हा माणूस आयुष्यभर महापालिकेच्या दवाखान्यातच रमला.

१९४० च्या दशकाच्या अखेरीला रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने ते अमेरिकेला, फिलाडेल्फियाला गेले. वेळ अगदी अचूक होती. त्याच शहरात १९४८ च्या जूनमध्ये चार्ल्स बेली नावाच्या सर्जनने धडधडत्या हृदयात बोट घालून अरुंद झालेली झडप मोकळी केली होती आणि रुग्ण जगला होता. तोपर्यंत हृदयाला हात लावायचा नाही, हा सर्जनांचा जवळजवळ नियमच होता. सेन हे नवं वारं घेऊन परळला परतले.

आता इथे थोडं शास्त्र सांगावं लागेल, नाहीतर पुढची गोष्ट कळणार नाही. घाबरू नका, व्हायवा घेत नाहीये.

शाळेत आपण शिकलो की हृदय हा पंप आहे. खरं तर ते एकाला एक चिकटलेले दोन पंप आहेत आणि ते सिरीजमध्ये जोडलेले आहेत. उजवा पंप रक्त फुफ्फुसांत पाठवतो. तिथे ऑक्सिजन घेऊन ते डाव्या पंपाकडे येतं. डावा पंप ते अंगभर पाठवतो आणि ते फिरून परत उजवीकडे येतं. सिरीज म्हटल्यावर दोन्हीकडचा फ्लो सारखाच असणार. निवांत बसलेल्या माणसात मिनिटाला साधारण ५ लिटर. पण प्रेशर मात्र अजिबात सारखं नाही. डॉक्टर दंडाला पट्टा बांधून १२० बाय ८० मोजतात ते डाव्या बाजूचं. फुफ्फुसाच्या धमनीत हाच आकडा साधारण २५ बाय १० असतो. सरासरी काढली तर शरीरात ९३ च्या आसपास आणि फुफ्फुसात फक्त १४, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. १४ मिलिमीटर पारा म्हणजे जेमतेम १९ सेंटिमीटर उंच पाण्याचा स्तंभ. आपली एक फुटाची पट्टीसुद्धा त्याहून उंच!

एवढ्या कमी दाबात ५ लिटर रक्त जातं कसं? तर विरोध कमी म्हणून. इलेक्ट्रिकलवाल्यांचा ओहमचा नियम इथे जसाच्या तसा लागतो. प्रेशरमधला फरक भागिले फ्लो म्हणजे विरोध. फुफ्फुसात आत जाताना १४, बाहेर डाव्या बाजूला पोचताना सुमारे ८, म्हणजे फरक ६. भागिले ५, उत्तर १.२. डॉक्टर या एककाला वुड युनिट म्हणतात, लंडनचे हृदयतज्ज्ञ पॉल वुड यांच्या नावावरून. शरीराच्या बाजूला हेच गणित केलं तर उत्तर १८ च्या आसपास येतं. म्हणजे पंधरापट. म्हणून तर डाव्या पंपाची भिंत सेंटिमीटरभर जाड असते आणि उजव्याची फक्त ३-४ मिलिमीटर. उजव्याला तेवढीच पुरते.

आणि प्रेशर कमी असणं ही नुसती सोय नाही, ती गरज आहे. फुफ्फुसात हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. तो जाड केला तर ऑक्सिजन जाणार नाही, पातळ ठेवला तर जास्त प्रेशरला पाणी झिरपणार. रक्तातली प्रथिनं पाणी आत धरून ठेवतात, पण त्यांची ताकद साधारण २५ मिलिमीटरची. प्रेशर त्याच्यावर गेलं की फुफ्फुसात पाणी यायला लागतं. माणूस कोरड्यावर बसून बुडायला लागतो.

यात एक गंमत आहे. आपण जिना चढतो, धावतो, तेव्हा फ्लो तिप्पट-चौपट होतो, पण निरोगी फुफ्फुसातलं प्रेशर त्या मानाने थोडंच वाढतं. कारण एरवी मिटून बसलेल्या बारीक बारीक नळ्या उघडतात आणि उघड्या असलेल्या रुंद होतात. गर्दी झाली की स्टेशनवरच्या बंद तिकीट खिडक्या एकदम उघडाव्यात, तसं. (भाईंदरला असं होताना मी कधी पाहिलं नाही, पण फुफ्फुसात होतं!)

आता परत केईएमला येऊ.

त्या काळात परळ-लालबागच्या चाळींमध्ये दहा बाय दहाच्या खोलीत आठ-दहा माणसं राहायची. अशा दाटीवाटीत मुलांचे घसे जंतूंनी सुजायचे आणि त्यातल्या काहींना पुढे संधिवाताचा ताप यायचा. हा ताप सांध्यांना सोडतो, पण हृदयाच्या झडपा धरतो. डाव्या पंपाच्या तोंडाशी असलेली मायट्रल झडप नेहमी ४ ते ६ चौरस सेंटिमीटर उघडते. या आजारात तिच्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि भोक दीड-एक चौरस सेंटिमीटरवर येतं. पुढे जायला वाट नाही, मग रक्त मागे तुंबतं. मागे काय आहे? फुफ्फुस! तिथलं प्रेशर चढतं, धाप लागते, रात्री आडवं झालं की पायांतलं रक्तही छातीत येतं आणि श्वास कोंडतो. माणूस उशांना टेकून रात्र काढतो.

माझी आजी अशीच रात्र काढायची. तेविसाव्या वर्षी, बाबा तान्हे असताना. १९७१ साली केईएममध्ये तिचं ऑपरेशन झालं. तिच्या छातीवर डावीकडून पाठीपर्यंत गेलेला एक लांब व्रण आहे. लहानपणी मला त्याची भीती वाटायची. आता कळलं तो कशाचा आहे ते. डावीकडून बरगड्यांमधून आत जायचं, हृदयाच्या वरच्या कप्प्याला छोटं छिद्र करून त्यातून बोट आत घालायचं आणि हृदय चालू असताना, डोळ्यांना काही दिसत नसताना, नुसत्या स्पर्शाने चिकटलेल्या पाकळ्या सोडवायच्या. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतात हे ऑपरेशन ज्यांनी पहिल्यांदा सुरू केलं, त्यांत डॉ. सेन होते. आजीचं ऑपरेशन नक्की कोणी केलं हे तिला आठवत नाही. सेन डॉक्टरांना तिने कधी जवळून पाहिलंही नाही. पण वॉर्डात त्यांचं नाव सगळ्यांच्या तोंडी असायचं, हे तिला पक्कं आठवतं. पुढे तिची झडप बदलावी लागली, पण मधली वीसेक वर्षं त्या बोटाने दिली. त्या वर्षांत तिने तीन मुलं वाढवली.

म्हणजे बघा, फुफ्फुसातल्या चढलेल्या प्रेशरशी डॉ. सेन यांची ओळख जुनी होती. झडप मोकळी केली की ते प्रेशर उतरतं, हे त्यांनी कितीतरी रुग्णांत पाहिलं असणार.

पण ते तिथे थांबले नाहीत. त्यांना स्वस्थ बसणं माहीतच नव्हतं, असं त्यांच्या कामाची यादी बघून वाटतं. महाधमनीच्या आजारांवर त्यांनी काम केलं. १९६३ साली पोटाकडच्या महाधमनीच्या अरुंदपणावर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी लिहिलेला पेपर इंग्लंडच्या नामांकित हृदयरोग नियतकालिकात छापून आला. मग त्यांना एक भन्नाट कल्पना सुचली. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाचा स्नायू स्पंजसारखा असतो आणि त्याला आतल्या कप्प्यातूनच थेट रक्त मिळतं. मग माणसाच्या हृदयाची रक्तवाहिनी बंद पडली तर स्नायूला सुईने बारीक छिद्रं पाडून आतूनच रक्त का देऊ नये? १९६५ साली त्यांनी यावर पेपर लिहिला. पुढे कित्येक वर्षांनी परदेशात लेझरने अशीच छिद्रं पाडायची पद्धत आली, तिचं मूळ इथे परळला आहे.

त्याच सुमाराला हृदय बदलण्याची तयारी चालू होती. आपल्या हाताखालच्या माणसांना शिकवणं, काही यंत्रं बाहेरून मागवणं, काही बघून बघून इथेच बनवून घेणं, असं सगळं चाललं होतं. आपण ज्याला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतो ना, तेच. डॉ. परुळकर, डॉ. पांडे, डॉ. किणरे असे सहकारी बरोबर होते. १९६५ मध्ये या चौघांनी कुत्र्यांमधल्या हृदयरोपणाच्या १०० प्रयोगांचा अहवाल प्रसिद्ध केला. शंभर! आपल्याकडे एका प्रॅक्टिकलची तीन रीडिंग घेतानाही आपण शेजाऱ्याच्या जर्नलमध्ये डोकावतो.

३ डिसेंबर १९६७ ला दक्षिण आफ्रिकेत ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं मानवी हृदयरोपण केलं. मग अमेरिकेत कँट्रोविट्झ, नंतर शमवे. आणि १९६८ च्या फेब्रुवारीत, १६-१७ तारखेला, मुंबईत डॉ. सेन. असं करणारे ते जगातले चौथे सर्जन आणि हे सहावं रोपण. महापालिकेच्या दवाखान्यात, जिथे एकेका खाटेसाठी रांग असते तिथे.

जिचं हृदय घेतलं ती एक तरुणी होती, डोक्याला मार लागून गेलेली. मेंदू मेला म्हणजे माणूस मेला, असा कायदा तेव्हा भारतात नव्हता. हार्वर्डच्या समितीनेसुद्धा मेंदूमृत्यूची व्याख्या त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, म्हणजे सहा महिन्यांनंतर मांडली. त्यामुळे हे पाऊल किती जोखमीचं होतं याची कल्पना करा. ज्याला हृदय मिळालं तोही तरुण होता. त्याच्या हृदयाचा स्नायूच थकून गेला होता.

जुनं हृदय काढलं. नवं शिवलं. ते धडधडायला लागलं. शंभर वेळा केलेली शिवण, हात बसलेला. तांत्रिकदृष्ट्या ऑपरेशन जमलं होतं. आणि तीन तासांनी ते हृदय थांबलं.

का? कारण म्हणून सांगितलं जातं ते हे की रुग्णाच्या फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा विरोध फार वाढलेला होता. डावा पंप महिनोन् महिने किंवा वर्षानुवर्षं कमजोर असला की रक्त मागे फुफ्फुसात तुंबतं. सुरुवातीला हा नुसता मागून आलेला दाब असतो, कारण दूर झालं की उतरतो. पण फार दिवस चाललं तर फुफ्फुसातल्या बारीक धमन्या आखडतात, त्यांच्या भिंती जाड होतात, आतली वाट अरुंद होते. आणि नळीचा व्यास निम्मा झाला तर संथ प्रवाहात विरोध दुप्पट नाही, सोळापट होतो. व्यासाचा चौथा घात, फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आपण सगळ्यांनी पाठ केलेला.

रुग्णाचा स्वतःचा उजवा पंप हे ओझं हळूहळू वाढत जाताना सवयीने जाड आणि तगडा होत जातो. रोज थोडं थोडं वजन वाढवणाऱ्या पैलवानासारखा. पण नवं हृदय येतं ते निरोगी शरीरातून. त्याच्या उजव्या भिंतीला १४ मिलिमीटरची सवय. तिला एकदम तिप्पट प्रेशरच्या विरुद्ध ढकलायला लावलं तर ती फुगते आणि हरते. म्हणजे आजारी हृदयाची उजवी बाजू जे ओझं ओढत होती, ते निरोगी हृदयाला पेलत नाही. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत मागे टेकून बसले. डोळ्यांसमोर आमच्या बिल्डिंगचा कापलेला पाइप आला.

मग शंभर कुत्र्यांमध्ये हे का दिसलं नाही? याचं उत्तर मला कुठे लिहिलेलं मिळालं नाही, पण माझ्या बुद्धीला असं वाटतं. प्रयोगासाठी घेतलेली कुत्री साधारणपणे धडधाकट असतात. ज्याचं हृदय काढलं त्याची फुफ्फुसंही स्वच्छ. पंप बदलला, पाइप नवाच होता. माणसाच्या बाबतीत हृदय बदलायची वेळ येते तीच मुळी इतक्या उशिरा की तोवर पाइप बिघडलेला असतो. दुकानातल्या टेस्टला माझा पंप छान चालला होता, तसंच. फरक एवढाच की माझ्याकडे पाइप तपासायची सोय होती आणि मी आळस केला. त्यांच्या वेळी जगात कोणालाच हा धडा नीट कळलेला नव्हता. फुफ्फुसातलं प्रेशर मोजायची पद्धत होती. जर्मनीच्या फोर्समनने १९२९ मध्ये स्वतःच्याच दंडातून हृदयापर्यंत नळी सरकवली होती, त्यावर पुढे कुर्नां आणि रिचर्ड्स यांनी काम केलं आणि तिघांना १९५६ चं नोबेल मिळालं. पण किती विरोध असला की नवं हृदय टिकणार नाही, ही रेघ तेव्हा आखलेली नव्हती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला स्टॅनफर्डच्या शमवे यांच्या गटाने आपल्या रुग्णांचे आकडे तपासून हा धोका स्पष्टपणे मांडला.

डॉ. सेन यांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आणखी एक हृदयरोपण केलं. तोही रुग्ण एक दिवसही जगला नाही. मग त्यांनी ते थांबवलं. जगातल्या बहुतेकांनी थांबवलं, कारण इतरांचे रुग्णही काही दिवसांत किंवा महिन्यांत जात होते. १९६९ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. कौतुक खूप झालं, आणि प्रश्नही उभे राहतात. साध्या तापाच्या औषधाला लोक रांगा लावतात त्या दवाखान्यात एवढ्या महागड्या प्रयोगाची गरज होती का? मला हा प्रश्न चुकीचा वाटत नाही. ज्याचा जीव तीन तासांत गेला त्याच्या घरच्यांना जगातला सहावा नंबर घेऊन काय करायचं? पण दुसरी बाजू अशी की ज्या टीमने हृदय बदलण्याची तयारी केली, त्याच विभागाने लालबागच्या गिरणी कामगाराच्या बायकोची झडपही मोकळी केली. मोठी उडी मारायची तयारी करताना छोट्या उड्या सहज जमायला लागतात. डॉ. परुळकरांनी पुढे त्या विभागाची धुरा सांभाळली.

डॉ. सेन १९८२ साली गेले. भारतात मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा १९९४ मध्ये आला आणि त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदयरोपण केलं. मुंबईत यशस्वी रोपण व्हायला २०१५ साल उजाडलं. आणि २०२४ च्या जुलैत, ५६ वर्षांनी, केईएममध्ये पुन्हा एकदा हृदय बदललं गेलं.

आज हृदय बदलायच्या आधी प्रत्येक रुग्णाच्या फुफ्फुसातलं प्रेशर नळी घालून मोजतात. विरोध ३ वुड युनिटच्या वर असला तर औषध देऊन तो उतरतो का ते बघतात. ५ च्या वर आहे आणि काही केल्या उतरत नाही, असं असेल तर सहसा नुसतं हृदय बसवत नाहीत. हृदयाच्या यादीत नाव घालण्याआधी फुफ्फुसाचा पाइप तपासतात. त्या तीन तासांत जे कळलं, आणि तसंच दुसरीकडेही ज्यांच्या बाबतीत कळलं, त्या सगळ्यांच्या जिवावर ही रेघ आखली गेली आहे.

आपल्या सगळ्यांच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये शेवटी निष्कर्ष असतो आणि तो नेहमी यशस्वीच असतो. बेंचवर चाललं की आपण बाइंडिंगला पळतो. मीसुद्धा. पण आता मला वाटतं की आपलं मशीन ज्या जागी बसणार आहे ती जागा आधी जाऊन बघायला हवी, आणि चाललं नाही तर का चाललं नाही ते खरं लिहायला हवं. सर लोकांनीही त्याचे मार्क द्यावेत, ही नम्र विनंती!

सोसायटीचा पाइप शेवटी बदलला. तोच पंप, नवं सील, आता टाकी चाळीस मिनिटांत भरते. गेल्या वेळी घरी गेले तेव्हा आजीला चौपाटीवर घेऊन गेले आणि सेन डॉक्टरांचं हृदय का थांबलं ते सांगितलं. पाइपचं उदाहरण दिल्यावर तिला लगेच कळलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग तिने विचारलं, त्या मुलाचं घर कुठे होतं ग? मला सांगता आलं नाही. मी पंधरा दिवस प्रेशरचे आकडे शोधत होते, हे शोधायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल